बर्फाच्या कारखान्यातला हिमालय

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी मला विचारलंत, "आजी, बाबांनी दाखवला तो पिक्चर तुटलाय का? राक्षसाला गोळी लागते तरी तो मरत का नाही? आणि बर्फात ते वाजवणारे आजोबा कुठून येतात?" तिकडे परदेशात तुमची झोपायची वेळ झाली होती आणि इकडे माझ्याकडे सकाळचा दूधवाला दारात उभा होता, म्हणून तेव्हा सांगता आलं नाही. आता लिहून पाठवते.

मला कुठलीही गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमाने सांगायला आवडते, हे तुमच्या बाबांना चांगलं माहीत आहे. पण ज्यांनी हा पिक्चर काढला ते आमचे घरमालक क्रमात बसणारे गृहस्थ नव्हते. ते मला पूर्ण कळले असं मी आजही म्हणणार नाही. जेवढे कळले तेवढे सांगते.

तुमचे बाबा शाळेत होते तेव्हा आम्ही नाशिकला पंचवटीत त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायला गेलो. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. त्यांचा दिंडोरी रोडला बर्फाचा कारखाना होता. सगळे त्यांना मालक म्हणत, म्हणून आम्हीही मालकच म्हणायला लागलो. ते मला मॅडम म्हणत.

मे महिन्यातही मालक लोकरीचा स्वेटर आणि माकडटोपी घालून घरी यायचे. रस्त्यावरची माणसं घामाने निथळत त्यांच्याकडे वळून बघत. कारखान्यातल्या गारठ्यातून एकदम उन्हात आलं की ऊन बाधतं, म्हणून टोपी घरी येऊन हळूहळू काढायची, असं त्यांचं शास्त्र होतं. कारखान्यात बर्फाच्या मोठमोठ्या लाद्या तयार होत आणि त्यांच्या डोक्यात सगळं जग लाद्यांतच मोजलं जाई. कुणाची लग्नपत्रिका आली की मुलगी कोण, मुलगा काय करतो हे न विचारता ते विचारायचे, "किती लाद्यांचं लग्न?" मठ्ठा, सरबत, आइस्क्रीमचे पॉट यांवरून त्यांना घराणं समजायचं. घाईचं काम असलं की म्हणायचे, "मॅडम, वितळायच्या आत तेवढा अर्ज लिहून द्या."

एकदा तुमच्या आजोबांना ताप आला होता. मालक वर आले, पलंगाशी खुर्ची ओढली आणि आपला गार हात आजोबांच्या कपाळावर ठेवून बसले. एक हात कोमट झाला की दुसरा ठेवायचे. बोलणं नाही, चालणं नाही. बऱ्याच वेळाने आजोबा डोळे मिटूनच मला म्हणाले, "ताप उतरला गं, पण आता यांना कसं उठवायचं?"

हळूहळू घरोघरी फ्रीज आले, हॉटेलांनी आपापली मशीनं घेतली आणि लाद्या पडून राहायला लागल्या. कारखाना तिघा भावांचा होता. धाकट्या दोघांनी जागा बिल्डरला द्यायचं ठरवलं आणि मालकांनी सही केली. गुढीपाडव्याला किल्ल्या द्यायच्या होत्या. मालक आता खचतील असं आम्हाला वाटलं. ते दिवाळीच्या फराळाला वर आले, चकली मोडता मोडता म्हणाले, "पाडव्याच्या आत एक पिक्चर काढतो आहे. हिमालयातला राक्षस."

आजोबांच्या हातातला चहा तसाच राहिला. मालकांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. त्या म्हणाल्या, "आधी न्हाणीघरातला नळ बदला, मग हिमालयात जा."

"जायचं कशाला? हिमालय कारखान्यात आहे."

"पण पिक्चर कशासाठी?" मी विचारलं.

मालक जरा गंभीर झाले. "मॅडम, आमच्या बर्फाने जन्मभर दुसऱ्यांची कामं केली. सरबत गार केलं, मासे टिकवले, पुण्या-मुंबईहून मुलगा येईपर्यंत म्हाताऱ्यांची प्रेतं राखली. एकदा तरी लोकांनी त्याच्याकडे बघावं. सिनेमात मीठ किंवा कापूस पसरतात आणि त्याला बर्फ म्हणतात. मी बर्फवाला आहे. कारखाना बंद व्हायच्या आत खरा बर्फ पडद्यावर आणणार."

इतकं सरळ उत्तर त्यांनी त्यानंतर कधी दिलं नाही. गोष्ट लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी शिस्तीची. गिर्यारोहकांची एक तुकडी, त्यात एक डॉक्टर, गुहेत राक्षस, शेवटी डॉक्टर त्याला गोळी घालतो, एवढं ठरलं. मी विचारलं, "राक्षस डोंगरावरून खाली का येतो?" सोमवारी मालक म्हणाले, भुकेने. गुरुवारी म्हणाले, त्याचं पोर हरवलं आहे. पुढच्या आठवड्यात म्हणाले, त्याला थंडी वाजते.

"बर्फातल्या राक्षसाला थंडी?"

"मला नाही वाजत? मी बर्फातलाच आहे."

मी तिन्ही कारणं खोडून टाकली. म्हणून पिक्चरमध्ये राक्षस नुसताच येतो.

निफाडकडच्या एका बागाइतदाराकडून द्राक्षांचे रिकामे क्रेट आणून, एकावर एक रचून डोंगर केला. त्यावर गोणपाट आणि गोणपाटावर मशीनने फोडलेला बर्फ. तुम्ही नीट पाहिलंत तर एका ठिकाणी शिखराच्या खालून क्रेटवर छापलेला द्राक्षांचा घड दिसतो. तो माझ्या लक्षात आला होता, पण तोवर बर्फ दुसरीकडून घसरायला लागला होता. डॉक्टरचं काम खालच्या खोलीत राहणाऱ्या संजयने केलं. तो औषध कंपनीचा एमआर होता, त्यामुळे बॅग त्याची स्वतःचीच होती. बंदूक जत्रेतली, फुगे फोडायची. कॅमेरा मालेगावच्या सलीमभाईंचा. ते लग्नांचं शूटिंग करायचे आणि त्यांना दुसरं कुठलंही शूटिंग माहीत नव्हतं. राक्षसाला ते सांगायचे, "नजर इधर. थोडा स्माइल."

आणि राक्षस म्हणजे काशिराम. तो सुरगाण्याकडच्या डोंगरातला. शेतीची कामं संपली की गावाकडून यायचा आणि कारखान्यात लाद्या उचलायचा. त्यांच्या गावात चैत्र-वैशाखात बोहाडा होतो. देवांचे आणि राक्षसांचे मोठे मुखवटे घालून माणसं वाजंत्रीवर नाचतात. अशा प्रत्येक भूमिकेला ते सोंग म्हणतात आणि कुठलं सोंग कुठल्या घराने घ्यायचं हे ठरलेलं असतं. काशिरामच्या घराकडे एका राक्षसाचं सोंग होतं आणि त्याचा चुलता मुखवटे करायचा. त्याच चुलत्याने मालकांसाठी कागदाच्या लगद्याचा एक नवा मुखवटा करून दिला. लाल तोंड, बाहेर आलेले दात आणि भरघोस मिशा.

"हिमालयातल्या राक्षसाला मिशा?" मी म्हटलं.

"बिनमिशांचा राक्षस मी तरी पाहिला नाही. तुम्ही पाहिलाय का, मॅडम?"

मीही पाहिला नव्हता.

मग मुहूर्ताचा दिवस आला आणि इथूनच सगळा गोंधळ सुरू झाला. पिक्चर म्हटलं की मुहूर्त हवा, आणि मुहूर्त म्हटलं की पूजा. मालकांनी कॅमेऱ्याला हार घातला, बर्फ फोडायच्या मशीनला घातला आणि मग चौरंगावर तो मुखवटा मांडून त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, पेढ्याचा नैवेद्य दाखवला. आम्ही सगळ्यांनी रांगेने नमस्कार केला. आपल्याकडे नवी स्कूटर आली तरी आपण हेच करतो. यात काही चुकतंय असं कुणाच्याही मनात आलं नाही.

काशिराम त्या वेळी बाहेर गाडीत लाद्या भरत होता. आत आला, चौरंगाकडे पाहिलं आणि दारातच थांबला. त्याने पायातल्या चपला काढल्या.

"मालक, ह्याला पुजला कोणी?"

"मी. का रे?"

"नारळ बी फोडला?"

"फोडला. पेढा घे."

काशिरामने पेढा घेतला, पण खाल्ला नाही. "आता त्यो कागूद नाय राहिला, मालक," एवढंच म्हणाला.

आम्हाला वाटलं, त्याची श्रद्धा, असू दे. दुसऱ्या दिवसापासून राक्षस बदलला. मुखवटा घालायच्या आधी काशिराम काही खायचा नाही, म्हणून शूटिंग सकाळीच उरकावं लागे. गोणपाटाच्या सुतळ्यांचा तो केसाळ अंगरखा पाणी पिऊन इतका जड व्हायचा की संजयला तो उचलवत नसे. काशिराम तो घालून बर्फावर अनवाणी उभा राही. आणि तो नुसता चालायला तयार नव्हता. दोन पावलं पुढे, एक मागे, मग गिरकी, असाच यायचा. कारखान्यातली माणसं येता-जाता राक्षसाच्या पाया पडायला लागली.

संजय एकदा वैतागून म्हणाला, "मालक, मी याला घाबरायचं कसं? आत्ताच याच्याकडून अंगारा घेतलाय."

मालक खूष होते. "बघा मॅडम, राक्षसाला वजन आलं की नाही?"

पाडवा तोंडावर आला तेव्हा शेवटचा प्रसंग राहिला होता. त्या दिवशी सकाळी पुष्कळ लाद्या फोडून डोंगर नवा केला. संजयने बंदूक रोखली, फट् असा आवाज झाला. काशिराम उभाच. संजयने पुन्हा चाप ओढला. काशिराम गिरकी घेऊन पुन्हा उभा.

"अरे पड ना!" संजय ओरडला. "मी काय फुगे फोडतोय?"

काशिरामने दोन्ही हातांनी मुखवटा उतरवला आणि छातीशी धरला. "मालक, बंदुकीनं त्यो पडायचा नाय. पुजलाय तुम्ही."

"अरे, पण पिक्चर आहे हा."

"पिक्चर तुमचा हाय. त्यो नाय."

सलीमभाईंनी कॅमेरा खाली केला. "सेठ, दूसरा आदमी डालो. अंदर कौन है, पब्लिक को क्या मालूम?"

वहिनी डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनाही ते पटलं. "खरंच, घाला दुसरा कुणी. पाडव्याला किल्ल्या द्यायच्या आहेत. मग बर्फ कुठून आणणार?"

सगळे मालकांकडे बघायला लागले. मालकांनी काशिरामला विचारलं, "दुसऱ्याने घातला तर काय होईल?"

"मी काय बोलणार, मालक? चुलत्यानं माझ्या भरवशावर मुखवटा दिला. पुजलेला त्यो बंदुकीनं पाडला हे गावात कळल्याबिगर राहायचं नाय. मग आमच्या घरचं सोंग दुसऱ्या घरी जाईल. बापानं नाचलं, आज्यानं नाचलं, माझ्यापाशी येऊन संपंल."

त्याचा आवाज चढलेला नव्हता. मालक भुशावर ठेवलेल्या एका लादीवर बसले. आपण कशावर बसलो आहोत हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. धोतर ओलं होत होतं. तोवर मी त्यांना पुष्कळदा चक्रम म्हटलं होतं, घरात आणि मनात, पण त्या दिवशी त्यांच्याकडे बघवेना. शेवटाशिवाय पिक्चर कुणी बघणार नव्हतं आणि पाडव्यानंतर मशीन पुन्हा चालू होणार नव्हतं. शेजारी उभ्या माणसाला नुसतं बाजूला केलं की काम झालं असतं.

शेवटी मालकांनी मान वर केली. मग म्हणाले, "बरं. बंदुकीने मरत नाही. मग मरतो कसा?"

"देवीच्या हातानं," काशिराम म्हणाला. "गावात दर साली देवीच मारती त्याला."

"आणि देवी कुठे मिळेल?"

"सांगावा धाडला तर परवाच्या सुरगाणा गाडीनं येईल."

सलीमभाई कपाळाला हात लावून हसायला लागले. मला हसू येईना. मी म्हटलं, "मालक, गोष्टीत डॉक्टर आहे, तंबू आहे, बंदूक आहे. त्यात अचानक देवी कशी येईल? हिमालयात देवीचं काय काम?"

मालक उठले. धोतराचं पाणी पिळत म्हणाले, "मॅडम, हिमालय देवीचं माहेर आहे. माहेरी यायला कारण लागतं का?"

मी वही उघडून 'देवी येते' एवढं लिहून घेतलं. 

तिसऱ्या दिवशी सकाळी एसटीने देवी आली. म्हणजे काशिरामच्या गावचे पाच-सहा म्हातारे आले, संबळ आणि पिपाणी घेऊन. बोहाड्यात बायकांची सोंगंही पुरुषच घेतात. देवीचं सोंग ज्यांच्या घराकडे होतं ते आजोबा काटकुळे, दात पडलेले, बिडी ओढणारे. मुखवटा धुतलेल्या धोतरात गुंडाळून मांडीवर धरून आणला होता. बर्फावर पहिलं पाऊल ठेवलं तशी त्यांनी पाय चटकन मागे घेतला आणि लहान मुलासारखे हसले. मग बिडी विझवली, चपला काढल्या, मुखवटा चढवला. आणि मुलांनो, त्यानंतर ते आजोबा मला तिथे दिसले नाहीत. का, ते सांगता येत नाही.

बर्फ गोठवायचं मशीन आदल्याच दिवशी बंद केलं होतं. बर्फ भराभर वितळत होता, क्रेट उघडे पडत होते, सगळे घोट्याएवढ्या पाण्यात उभे होते. संबळ सुरू झाला. पत्र्याच्या छताखाली तो आवाज छातीत बसत होता. देवी आणि राक्षस एकमेकांभोवती फिरले, भिडले, मागे सरले. संजय डॉक्टरच्या वेशात कोपऱ्यात बंदूक उलटी धरून उभा होता. शेवटी देवीने त्रिशूळ टेकवला आणि काशिराम पडला. असा पडला की वहिनींच्या तोंडून "अगं बाई" निघालं. ते पिक्चरमध्ये ऐकू येतं.

मालकांनी 'कट' म्हणायचं होतं. ते म्हणाले नाहीत. त्यांचे हात जोडलेले होते. मग प्रथेप्रमाणे पडलेला राक्षस उठला, देवीच्या पाया पडला, दोघांनी एकमेकांना मिठी मारली आणि वहिनींनी निरांजन आणून दोघांना ओवाळलं. सलीमभाईंनी जन्मात कधी ओवाळणी चालू असताना कॅमेरा बंद केला नव्हता. त्यांनी सगळं घेतलं. पुढे मालेगावला मिक्सिंग करताना लग्नाच्या कॅसेटमध्ये घालतात त्या पाकळ्याही पाडल्या. तुम्हाला राक्षसाचा चेहरा बदामाच्या आकारात दिसला असेल, तो त्यांचाच हात.

पाडव्याला मालकांनी किल्ल्या दिल्या.

पिक्चर नाशिकच्या एका व्हिडिओ पार्लरमध्ये लावला. लोक आधी हसले, मग गप्प झाले, मग एकेक उठून गेले. एक गृहस्थ दारात थांबून मालकांना म्हणाले, "साहेब, राग मानू नका. हा भुताचा आहे की भक्तीचा, तेवढं सांगा."

मालक म्हणाले, "बर्फाचा."

तो कुणी विकत घेतला नाही. मालकांनी कॅसेट कपाटात ठेवली. एक प्रत तुमच्या बाबांना दिली.

महिन्याभराने काशिराम आला आणि गावाला चला म्हणून मागे लागला. मालकांनी जीप सांगितली, टीव्ही आणि व्हीसीआर गादीत गुंडाळून घेतले आणि आम्हालाही बसवलं. दुपारी शाळेच्या खोलीत खिडक्यांना घोंगड्या लावून पिक्चर सुरू झाला. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. राक्षस आला तेव्हा कुणी हसलं नाही. पोरं आपापसात म्हणाली, "काशादादा हाय." डॉक्टरने गोळी घातली तेव्हा मात्र सगळे हसले, कारण बंदुकीने काय होणार हे त्यांना माहीतच होतं. देवी आली तशा पुढे बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या. देवी कुठून आली, का आली, कुणीही विचारलं नाही.

त्यांना कोडं पडलं ते वेगळंच. माझ्याशेजारी बसलेल्या म्हाताऱ्या आजीबाईंनी पडद्याकडे बोट दाखवून विचारलं, "बाई, ती एवढी भाताची पेज कुणी सांडली?"

मी मालकांकडे बघितलं. मालक पुढे सरकले आणि सांगायला लागले. पाणी डब्यात कसं भरतात, डबे मिठाच्या पाण्याच्या हौदात कसे सोडतात, लादी कडेने आत कशी गोठत जाते आणि मधे शेवटी पांढरी रेघ का राहते. पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमाने. मी शाळेत इतकी वर्षं शिकवलं, पण इतकी शांत खोली मला फार वेळा मिळाली नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "पुन्यांदा दाखवा, आता बर्फ बघतो." पिक्चर पुन्हा पहिल्यापासून लावला.

निघताना त्या देवीच्या आजोबांनी मालकांना बाजूला घेतलं. काय बोलले ते आम्हाला ऐकू आलं नाही. परत येताना मालक जीपमध्ये बोटांवर पुढच्या चैत्रापर्यंतचे महिने मोजत होते.

त्यानंतर दर वर्षी बोहाड्याच्या वेळी ते पिशवीत एक धोतर टाकून सुरगाण्याच्या गाडीत बसायचे. वहिनी कुरकुरत शिदोरी द्यायच्या. कारखान्याच्या जागी इमारत उभी राहिली, तिकडे ते कधी फिरकले नाहीत. एका वर्षी ते परत आले तेव्हा मी ओट्यावर धान्य निवडत होते. तळपाय धुळीने माखलेले, गळ्यात घामाने ओला पंचा, स्वेटर नाही, टोपी नाही.

मी म्हटलं, "मालक, आता तरी सांगा. तिथे तुम्ही करता काय?"

"नाचतो. देवीच्या आजोबांनी मला एक सोंग दिलंय."

"कुठलं? देवाचं की राक्षसाचं?"

ते पायरीवर बसले आणि पंच्याने तळपाय पुसायला लागले. मग म्हणाले, "तेच मला अजून नीट कळलेलं नाही, मॅडम. दर वर्षी विचारायचं ठरवतो. पण मुखवटा चढवून मी आलो ना, की लोक बाजूला सरकून वाट करून देतात. मग विचारायचं राहून जातं."